डबलबारीतील नव्या मंडळांना आधार द्यायचा म्हणजे नेमके काय करायचे?

सिंधुदुर्गातील एका गावाच्या मुंबईतील ग्रामस्थ मंडळाच्या चिटणीसांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या पंचक्रोशीत अलीकडे तरुणांची काही भजनी मंडळे उभी राहिली आहेत. मुले मेहनती आहेत, परंतु डबलबारीचा कार्यक्रम ठरवायची वेळ आली की समिती पुन्हा त्याच नावाजलेल्या बुवांकडे वळते, नव्यांचे भजन सुरू झाले की जाणते श्रोते चहाला उठतात, आणि दोन-तीन गणपती झाले की मंडळ मोडते. परंपरेला धक्का न लावता या मुलांच्या पाठीशी कसे उभे राहावे, असे त्यांनी विचारले आहे. मी पखवाजवादक आहे. अनेक बुवांना साथ केली आहे, स्पर्धांमध्ये परीक्षक म्हणून बसलो आहे आणि नव्या मंडळांच्या तालमीही घेतल्या आहेत. त्या अनुभवाच्या आधारे हे उत्तर लिहीत आहे.

ज्यांनी डबलबारी ऐकलेली नाही त्यांच्यासाठी एवढे सांगतो की, कोकणातील भजनाचा हा सामन्याचा प्रकार आहे. दोन बुवा, म्हणजे मंडळांचे प्रमुख गायक, आपापल्या कोरससह समोरासमोर बसतात आणि आळीपाळीने आपली बारी सादर करतात. पेटी बुवांच्या हाती असते. सोबत पखवाज, लय धरणारी चकी आणि झांजा. नाम, रूपावली (देवाच्या रूपाचे वर्णन), अभंग, गवळण, गजर असा क्रम असतो, आणि त्या ओघात रामायण, महाभारत, पुराणे यांतील प्रसंगांवरून एका बुवाने प्रश्न टाकायचा व दुसऱ्याने आपल्या बारीत त्याचे उत्तर द्यायचे, अशी रीत आहे. परशुराम पांचाळबुवा, चंद्रकांत कदमबुवा, काशीराम परबबुवा, विलास पाटीलबुवा ही नावे ऐकत वाढलेला श्रोता आजही समोर बसलेला असतो, आणि नव्या बुवाचा पहिला सूर लागताच तो मनातल्या मनात तुलना करू लागतो. हा श्रोता कडक आहे म्हणून त्याला दोष देण्यात अर्थ नाही. रात्रभर बसून भैरवीपर्यंत ऐकणारा, कोणता अभंग कोणाचा आणि कोणती चाल कोणाची हे ओळखणारा श्रोता फार थोड्या लोककलांच्या वाट्याला आला आहे. त्यामुळे माझ्या मते सगळा प्रश्न एवढाच आहे की, या श्रोत्यासमोर नव्या मंडळाला अखंड वेळ मिळेल अशी व्यवस्था आपण करतो की नाही. सत्कार, शाली, ढाली आणि कौतुकाची भाषणे यांनी ती व्यवस्था होत नाही. पुष्कळदा तीच मोडते.

हे मोडणे कसे घडते ते पाहा. पत्रिकेवर सायंकाळी सात ही वेळ छापलेली असते. मुख्य सामन्याआधी स्थानिक नव्या मंडळाचे भजन ठेवलेले असते आणि समितीला वाटते की आपण तरुणांना संधी दिली. प्रत्यक्षात पाहुणे आठ वाजता येतात, दीपप्रज्वलन होते, देणगीदारांची नावे वाचली जातात, एकामागून एक सत्कार होतात, आणि उघड्यावरच्या कार्यक्रमाला रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नसल्यामुळे आयोजकांचा जीव घड्याळात अडकतो. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ही बंदी घालतात. सण-उत्सवांसाठी मध्यरात्रीपर्यंतची सवलत राज्य सरकार देऊ शकते, पण वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस. मग वेळ कुणाची कापायची? मोठ्या बुवांची कापता येत नाही, म्हणून नव्या मुलांना ‘एक अभंग आणि गजर घ्या’ असा निरोप येतो. ज्या मंडळाने महिनाभर नाम आणि रूपावली घोटली आहे, त्याला थेट गजरावर उडी मारायला लावली की आवाज तापलेला नसतो, लय बसलेली नसते, आणि श्रोत्याचे मत कायमचे बनते. तेव्हा माझी पहिली आणि आग्रहाची सूचना अशी की, सत्कार व भाषणे दोन बाऱ्यांच्या मध्ये किंवा शेवटी घ्या, नव्या मंडळाचा वेळ पत्रिकेत मिनिटांसह छापा आणि तो अध्यक्षांनाही मोडता येणार नाही असा ठराव समितीत करून ठेवा. बंदिस्त सभागृहाला दहाची अट त्याच कठोरपणे लागू होत नाही, त्यामुळे मुंबईतील कार्यक्रम शक्य असेल तर सभागृहातच करावा.

दुसरा मुद्दा जोडीचा. नव्या बुवाला एखाद्या दिग्गजासमोर बसवले की त्याचा सन्मान झाला आणि गर्दीही झाली, असे आयोजकांना वाटते. मी अशा सामन्यांना साथ केली आहे आणि माझे मत अगदी स्पष्ट आहे: हे करू नये. ज्येष्ठ बुवांनी पूर्ण ताकदीने बारी केली तर समोरचा मुलगा चिरडला जातो, आणि त्यांनी हात आखडता घेतला तर ते श्रोत्यांना लगेच कळते व त्या मुलाला ते अधिक लागते. नव्यासमोर नवाच हवा. दोघांचे पाठांतर, आवाज, कोरस आणि साथ यांचा अंदाज घेऊन जोडी लावावी, बारी चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची ठेवावी आणि हा सामना मुख्य सामन्याच्या आधी त्याच व्यासपीठावर, त्याच श्रोत्यांसमोर व्हावा. वेगळ्या दुपारी, रिकाम्या मंडपात ‘नवोदितांसाठी’ म्हणून घेतलेल्या कार्यक्रमाचा फारसा उपयोग होत नाही, कारण जाणता श्रोता तिथे येतच नाही. अलीकडे होऊ लागलेल्या आखूड बारीच्या ‘ट्वेंटी-ट्वेंटी’ सामन्यांवर आणि तीन बुवांच्या तिरंगी सामन्यांवर ज्येष्ठ मंडळी नाराज असतात. मला मात्र हा आखूड घाट नव्यांसाठी योग्य वाटतो, अट एवढीच की वेळ वाचवण्यासाठी नाम आणि रूपावली कापू नये. हवे तर अभंग एकच घ्यावा. क्रम राहिला तर बारी लहान असूनही डबलबारीच राहते.

आता ज्या विषयाकडे सर्वांत कमी लक्ष जाते त्याकडे येतो. नवे मंडळ मोडते ते बहुधा बुवामुळे मोडत नाही, पखवाजवादक नसल्यामुळे मोडते. गाणारा मुलगा गावात सापडतो, पेटीही शिकतो, पण पखवाजावर हात बसायला वर्षे लागतात, आणि जो थोडा बरा वाजवू लागतो त्याला मोठी मंडळे बोलावून नेतात. मग कार्यक्रमाच्या दिवशी बाहेरचा वादक आणला जातो. त्याने चाली ऐकलेल्या नसतात, बुवा कुठे उठणार आणि कुठे थांबणार हे त्याला ठाऊक नसते, आणि दोघेही एकमेकांच्या तोंडाकडे पाहत बारी पार पाडतात.

याचा परिणाम गजरात सर्वांत उघड दिसतो. गजराची सुरुवात बेताच्या लयीत होते. बुवा ओळ म्हणतात, कोरस ती उचलतो, चकी लय धरून असते आणि पखवाज ठेक्यातच राहतो. दोन-चार आवर्तनांनंतर बुवा मानेने किंवा पेटीवरच्या हाताने इशारा करतात, लय एक पायरी चढते, आणि अशा चढत्या पायऱ्यांनी शेवटी दुगुन, म्हणजे दुप्पट लय, येते. तेव्हा सगळा मंडप टाळ्या धरतो. नव्या मंडळात उत्साहाच्या भरात झांजा तिसऱ्याच आवर्तनात पुढे धावतात. बाहेरचा वादक त्यांना रोखायला कचरतो, कारण मंडळ त्याचे नसते. तो त्यांच्यामागे जातो, दुगुन अर्ध्या वाटेतच येऊन जाते आणि पुढे चढायला जागा उरत नाही. उरलेला गजर मग नुसता आवाज होतो. यावर मी तालमीत एक उपाय करतो: कोरसला झांजा खाली ठेवायला सांगतो, फक्त चकी चालू ठेवतो, आणि बाकीच्यांनी हातावर टाळी देत पूर्ण गजर म्हणायचा. टाळी पुढे गेली की ती कोणाची गेली हे सर्वांना ऐकू येते. झांजांच्या आवाजात ते लपून जाते. हे आठवडाभर केले तरी फरक पडतो. सांगायचे ते एवढेच की, गावाने बुवाच्या शिकवणीसाठी पैसे जमवण्याआधी दोन मुलांच्या पखवाजाच्या शिकवणीची सोय करावी. दोन यासाठी की एक नोकरीनिमित्त गाव सोडणार हे धरूनच चालावे लागते.

वाद्यांच्या बाबतीतही तीच उपेक्षा आहे. देणगीदाराला डोळ्यांत भरेल अशी वस्तू द्यायची असते, म्हणून नव्या मंडळाकडे नाव रंगवलेली ध्वनियंत्रणा असते आणि पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचे कातडे, मात्र फाटलेली असते. भाद्रपदातल्या ओल्या हवेत कातडे पाणी धरते, एका घरचे भजन आटोपून दुसऱ्या घरी पोचेपर्यंत सूर उतरलेला असतो, गठ्ठे ठोकून तो किती चढवणार यालाही मर्यादा आहे, आणि अशा वेळी वेगळ्या पट्टीतला दुसरा पखवाज हाताशी असणे ही चैन नाही, ती गरज आहे. तुमच्या ग्रामस्थ मंडळाला वस्तूच द्यायची असेल तर ही द्या, आणि दरवर्षी पुडी बदलण्याचा खर्च आपल्याकडे घ्या. राज्य सरकारने २०२५ मध्ये गणेशोत्सवाच्या निमित्ताने १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५,००० रुपयांचे भांडवली अनुदान जाहीर केले. अशी योजना येते तेव्हा मंडळाच्या नावाचे बँक खाते, नोंदणी, कार्यक्रमांच्या पत्रिका आणि छायाचित्रे ज्यांच्याकडे तयार असतात त्यांनाच धावपळ न करता अर्ज भरता येतो. संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली नोंदणीसाठी किमान सात सदस्य लागतात, आणि बुवा, पखवाज, चकी व कोरस मिळून तेवढी माणसे मंडळात असतातच. ही कागदपत्रे करून देणे हे मुंबईत कचेऱ्यांत काम करणाऱ्या तुमच्या सदस्यांना सहज जमेल असे काम आहे, आणि गावातल्या मुलांना नेमके तेच अवघड जाते.

बिदागीबद्दल स्पष्ट लिहिणे आवश्यक आहे. नव्या मंडळाला ‘तुम्हाला व्यासपीठ मिळते आहे’ असे सांगून नारळ आणि जेवणावर बोलावण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. घरच्या गणपतीत प्रसादावर भजन होते ते ठीक आहे, ती सेवा आहे आणि ती तशीच राहावी. पण जिथे मोठ्या बुवांना ठरलेली रक्कम दिली जाते, मंडपाचे आणि ध्वनिक्षेपकाचे पैसे चुकते होतात, तिथे केवळ नव्या मुलांनीच सेवा करावी ही अपेक्षा अन्यायाची आहे. रक्कम लहान असेल, पण ती आधी ठरलेली असावी, गाडीभाडे त्यात न धरता वेगळे द्यावे, आणि दोन्ही त्याच रात्री मंडळाच्या हाती पडावे. नालासोपारा, दिवा, बदलापूर अशा ठिकाणांहून दहा-बारा मुले वाद्ये घेऊन येतात आणि मध्यरात्रीनंतर परततात. पदरमोड करून हे किती वेळा होईल? मंडळे मोडण्यामागे भांडणे असतात असे म्हणतात. मी पाहिलेल्या भांडणांपैकी बरीचशी गाडीभाड्यावरून सुरू झाली होती.

मुंबईत तालमीच्या जागेचा प्रश्न वेगळाच आहे. गिरणगावात गावकीच्या खोल्या होत्या, चाळीचा चौक होता आणि भजनाचा आवाज कुणाला खटकत नसे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या उजाड झाल्या, पुढे चाळींच्या जागी मनोरे आले, आणि माणसे उपनगरांपलीकडे पांगली. आज इमारतीत पखवाज वाजवला की तक्रार येते. ज्या ग्रामस्थ मंडळांकडे अजूनही लालबाग-परळ भागात खोली किंवा छोटे सभागृह आहे, त्यांनी ते रविवारी दुपारी आपल्या पंचक्रोशीतील मंडळांना विनामूल्य द्यावे. आणि तालमीला गावातील दोन जुने श्रोते बोलवावेत. जो माणूस सामन्यात नाक मुरडतो तोच तालमीत ‘बाळा, हा अभंग असा नाही’ असे म्हणून अख्खा अभंग पाठ म्हणून दाखवतो. आपल्या शब्दाला इथे किंमत आहे हे कळल्यावर तो पुढच्या सामन्यात चहाला उठत नाही.

चालींचा वाद टाळता येणार नाही, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. नवी मुले चित्रपटगीतांच्या चालींवर अभंग बसवतात ही ज्येष्ठांची मुख्य तक्रार आहे. चाल उसनी घेणे भजनात नवे नाही. नाट्यसंगीताच्या चाली आपल्या आधीच्या पिढ्यांनी मुक्तपणे घेतल्या. खरी कसोटी अभंगाचे अंग चालीत शाबूत राहते का ही आहे. तुकोबांचे ‘सुंदर ते ध्यान, उभे विटेवरी, कर कटावरी, ठेवोनिया’ घ्या. पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आहेत, चौथ्यात चार, आणि यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत आहे: विटेवरी, कटावरी. चाल अशी हवी की ही दोन टोके कानाला एकमेकांजवळ ऐकू यावीत आणि ‘ठेवोनिया’ वर विसावा मिळावा. चित्रपटगीताची ओळ बहुधा दोन सारख्या तुकड्यांची असते. तीत हा अभंग कोंबला की ‘विटेवरी’ एका तुकड्याच्या शेवटी अडकते, ‘कटावरी’ दुसऱ्याच्या मध्यावर सापडते, आणि चार अक्षरांच्या जागी पोकळी भरण्यासाठी ‘हो’, ‘रे’ घालावे लागतात. नव्या बुवाला ‘सिनेमाची चाल नको’ म्हणण्यापेक्षा हे दाखवावे. त्याला ते लगेच पटते आणि तो स्वतःच चाल बदलतो. माझा आग्रह एवढाच असतो की प्रत्येक नव्या मंडळाकडे निदान एक अभंग स्वतःच्या चालीचा आणि एक गुरुपरंपरेतून आलेला असावा. यात व्यवहाराचाही भाग आहे. संतांच्या रचनांवर कुणाचा स्वामित्वहक्क नाही, पण चित्रपटाच्या चालीवर असतो, आणि तशा भजनाची चित्रफीत प्रसिद्ध केली की हक्कदाराचा दावा येऊ शकतो.

शेरेबाजीबद्दल मी कठोर आहे. प्रश्नोत्तर हा डबलबारीचा प्राण आहे. श्रीधरस्वामींच्या पोथ्या वाचून, प्रसंग शोधून, समोरच्याला कोड्यात टाकणारा प्रश्न गवळणीत बांधणे ही मोठी विद्या आहे. तिच्या जागी समोरच्या बुवाच्या रूपावर, आवाजावर, गावावर टोमणे आले की टाळ्या सोप्या मिळतात, आणि नव्या बुवाला त्या सोप्या टाळ्यांचा मोह सर्वांत अधिक असतो, कारण त्याच्याकडे अजून पाठांतर नसते. आयोजकांनी सामन्याचा विषय महिनाभर आधी दोन्ही मंडळांना कळवावा. कर्णाचे चरित्र, सीतास्वयंवर, गजेंद्रमोक्ष असा एक प्रसंग नेमून दिला की मुलांना अभ्यासाला वेळ मिळतो आणि मंचावर बोलायला सामग्री असते. व्यक्तिगत शेरा आला तर तिथेच थांबवण्याचा अधिकार एका जाणत्या माणसाला द्यावा आणि तसे आधी जाहीर करावे.

स्पर्धांच्या बाबतीत गोव्याकडून शिकण्यासारखे आहे. कला अकादमी पं. मनोहरबुवा शिरगांवकर यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ अखिल गोवा भजन स्पर्धा घेते. तीत पुरुष, महिला आणि बालकलाकार असे स्वतंत्र विभाग असतात आणि प्राथमिक फेऱ्यांतून अंतिम फेरीपर्यंत पोचावे लागते. बालविभाग असल्यामुळे शाळकरी वयातच पूर्ण मंडळ म्हणून बसण्याची सवय लागते आणि पुढच्या मंडळांना वादक तयार मिळतात. आपल्याकडे मुले मोठ्यांच्या कोरसमध्ये मागे बसून शिकतात, त्यांना स्वतःची बारी फार उशिरा मिळते. महिला मंडळांचे आपल्याकडे याहून वाईट होते: डबलबारी उत्तम करणाऱ्या स्त्रिया असूनही त्यांना दुपारची वेळ दिली जाते आणि मुख्य सामन्याच्या पत्रिकेत त्यांचे नावही येत नाही. मात्र स्पर्धेच्या मर्यादाही मी परीक्षक म्हणून पाहिल्या आहेत. ठरीव वेळेसाठी घासूनपुसून तयार केलेला संच बक्षीस मिळवतो, पण तेच मंडळ तासाभराच्या बारीत उघडे पडते, कारण समोरून आलेल्या प्रश्नाला उत्तर देण्याची सवय नसते. स्पर्धा घ्याच, पण परीक्षकांकडून प्रत्येक मंडळासाठी लेखी अभिप्राय घ्या. त्यात लय, पट्टी, शब्दोच्चार आणि साथ यांवर दोन-दोन ओळी असल्या तरी पुरे. हरलेल्या मंडळाला चषक मिळत नाही, पण तो कागद त्याला वर्षभर पुरतो.

चित्रीकरणाविषयी थोडेसे. नव्या मंडळाची पहिलीच बारी कुणीतरी विचारल्याशिवाय चित्रित करून प्रसिद्ध करते आणि तिथे झालेली चूक वर्षानुवर्षे फिरत राहते. परवानगी घेतल्याशिवाय चित्रीकरण प्रसिद्ध होऊ देऊ नये, आणि प्रसिद्ध केले तर बुवांबरोबर पखवाज, चकी आणि कोरस यांचीही नावे द्यावीत.

तुम्ही तुमच्या पंचक्रोशीपुरती सुरुवात करणार असाल तर येत्या भाद्रपदात सगळ्याच मंडळांना सामन्याला उभे करू नका. गणपतीच्या दिवसांत वाडीवाडीत त्यांची घरोघरची भजने होऊ द्या, आणि तुमच्यातील दोघा-तिघांनी सोबत फिरून ऐकावे. कुणाचा कोरस शेवटच्या घरापर्यंत टिकतो, कुणाचा पखवाजवादक मंडळाचा स्वतःचा आहे, कोणता बुवा त्याच त्या अभंगांवर थांबलेला नाही, हे तिथे सहज समजते. त्यातून दोन जोड्या निवडा, नवरात्रानंतर विषय कळवा, आणि गावच्या जत्रेच्या किंवा माघी गणेशजयंतीच्या सामन्याआधी त्यांच्या आखूड बाऱ्या ठेवा. पुढच्या वर्षी जोड्या बदला. मोठ्या बुवांना बोलावताना, त्यांनी नव्यांच्या सामन्याला वेळेवर येऊन समोर बसून ऐकावे अशी विनंती निमंत्रणातच करा. मला माहीत असलेले बहुतेक ज्येष्ठ बुवा या विनंतीला नाही म्हणणार नाहीत, आणि ते पहिल्या रांगेत बसले की मागच्या रांगेतले उठत नाहीत.